दोन हातांचं बक्कल

जो माणूस दारात उभा राहून "माझा एक हात चालत नाही" असं स्वतःहून सांगतो, त्याच्या दोन्ही हातांकडे नीट बघावं. हा माझा नियम आहे आणि तो मी आयुष्यभर पाळला. आमच्या हिला तो आवडत नाही. ती म्हणते, "तुम्ही लग्नाच्या फोटोतल्या माणसांचेसुद्धा हात मोजता."

संपादकबाईंचा फोन आला, "मेश्रामकाका, अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा. खरं खरं लिहा." 'खरं' हा शब्द त्यांनी दोनदा का वापरला, यावर मी बराच विचार केला. मयूर विहारच्या मराठी मंडळींत असा समज आहे की मी थोडं वाढवून सांगतो. हे साफ खोटं आहे. मी भरपूर वाढवून सांगतो. पण खाली गायकवाडांबद्दल जे लिहिलंय त्यात एक अक्षरही वाढवलेलं नाही. म्हशीच्या बाबतीत मात्र खात्री देत नाही.

तर काम सांगतो. मी एका हाताने मासे पकडायची साधनं बनवतो, दिल्लीत. या वाक्यावर लोक तीन ठिकाणी थांबतात. एका हाताने? मासे? आणि दिल्लीत? आपल्या लोकांना वाटतं दिल्लीतला मासा गाझीपूरच्या बाजारात बर्फावरच जन्मतो. अहो, नजफगडच्या पलीकडे गावोगावी तळी आहेत, मुरादनगरला गंगेचा कालवा आहे. रविवारी सकाळी काठावर छत्र्या लावून इतकी माणसं बसलेली असतात की माशांना वाटत असेल, घरात मुलगी बघायला पाहुणे आलेत. त्या माणसांत कुणाचा हात मळणी यंत्रात गेलेला असतो, कुणाचा कारखान्यातल्या प्रेसखाली, कुणाचा लकव्याने लुळा पडलेला. वेड मात्र दोन हातांचं असतं तेवढंच शिल्लक.

नोकरीत मी सरकारी वर्कशॉपमध्ये कृत्रिम हात करायचो. एका माणसाला मी असा देखणा हात करून दिला होता की त्यावर मेंदी काढावी. काही दिवसांनी तो परत आला, हात पिशवीत घालून. म्हणाला, "साहब, हाथ बढ़िया है, पर मछली नहीं पकड़ता." मी भंडाऱ्याचा. आमच्याकडे मूल रांगण्याआधी गळ टाकतं. ते वाक्य मला झोंबलं. आठवडाभर डोकं चालवून मी त्याला हात दिलाच नाही, एक पट्टा दिला. तिथून हा उद्योग सुरू झाला, आणि निवृत्तीनंतर आमच्या बाल्कनीत स्थायिक झाला. सोफ्यात गळ निघतात, पाहुणे जपून बसतात.

ज्यांनी कधी मासा धरला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गळाच्या काठीला दोन हात लागतात. एका हाताने काठी धरायची, दुसऱ्याने दोरी गुंडाळायचं रीळ फिरवायचं. एकच हात असेल तर काठी धरणार कोण? छाती धरणार. माझ्या पट्ट्याला छातीवर एक चामड्याची डबी असते. गळ टाकायचा, काठीचं बूड डबीत खोचायचं, हात मोकळा झाला की रीळ फिरवायचं. मासा लागला की आख्खा माणूस मागे झुकतो, पुढे वाकतो, फिरवतो, पुन्हा मागे झुकतो. लांबून वाटतं कुणाला तरी सारखा नमस्कार चाललाय. गाठ मारायला एक छोटी लाकडी घोडी केलीय. तिला कपडे वाळत घालायचा चिमटा आणि क्रोशाची सुई बसवली आहे. चिमटा गळ धरून ठेवतो आणि सुई दोरी ओढते. जाळं आधीच काठावर खुंट्या मारून पाण्यात पसरून ठेवायचं, मासा त्यावर ओढून आणायचा. आणि शेवटी पाळणा. ओल्या स्पंजची पन्हळ, वरून जड फडकं. मासा त्यात गप पडतो आणि गळ एका हाताने काढता येतो. पाळणा माझा सगळ्यात आवडता. माझ्या मुलांना मी इतका चांगला पाळणा केला नव्हता, असं ही म्हणते.

पट्टा किती मजबूत? रोहतककडचा एक जुना पैलवान होता, डावा हात कोपरापासून नाही. त्याच्या गळात मासा न लागता तळ्यात डुंबणाऱ्या म्हशीचं शेपूट लागलं. म्हैस दचकून पलीकडच्या काठाकडे निघाली. पैलवान पट्ट्यासकट मागोमाग. तो पाण्यावर उभ्याने घसरत गेला असं मी पूर्वी सांगायचो. हल्ली बसून गेला असं सांगतो. पण पट्टा सुटला नाही, मुद्दा हा आहे.

आता संशयाकडे येतो, कारण माझ्या धंद्याचा अर्धा भाग तोच आहे. वर्कशॉपमध्ये लोक अपंगत्वाच्या दाखल्यासाठी यायचे, सवलतीसाठी यायचे, आणि धडधाकट हात असा लोंबकळत आणायचे की डोळ्यात पाणी यावं. मी दोन परीक्षा घ्यायचो. पहिली लिंबाची. बोलता बोलता एकदम लिंबू फेकायचं. माणूस विसरतो, हात विसरत नाही. गाझियाबादच्या एका क्लबात स्पर्धा होती. एका हाताच्या लोकांना तळ्याची सगळ्यात चांगली जागा मिळणार होती. एक शर्माजी गळ्यात झोळी आणि झोळीत हात घालून माझ्याकडे पट्टा मागायला आले. मी लिंबू फेकलं. शर्माजींनी ते झोळीतल्या हाताने इतकं सुरेख झेललं की मी टाळ्या वाजवल्या. ते लिंबू तसंच टेबलावर ठेवून गेले.

दुसरी परीक्षा बक्कलाची. वर्कशॉपच्या एका जुन्या उस्तादाने शिकवलेली. एक बक्कल असतं, त्याचा जबडा चिमटीत दाबून उघडा धरावा लागतो आणि त्याच वेळी पट्टा आत सरकवावा लागतो. सोडलं की खाडकन बंद. म्हणजे दोन हात हवेतच. ते बक्कल लावलेला पट्टा माणसाला द्यायचा, "घालून बघा, मी चहा घेऊन येतो" म्हणायचं आणि निघून जायचं. परत आल्यावर पट्टा तसाच लोंबत असेल तर माणूस खरा. बक्कल बंद असेल तर चहा पाजायचा आणि पाठवून द्यायचा.

एवढी तयारी असलेल्या माणसाकडे एक दिवस गायकवाड आले.

गायकवाड आमच्यापासून दोन सोसायट्या सोडून राहतात. मूळचे नांदेडचे, गोदावरीत पोहून आणि गळ टाकून वाढलेले. इथल्या केंद्र सरकारच्या मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त. बायको गेल्यावर एकटेच. लकवा झाला आणि उजवा हात गेला, उजवा पाय थोडा ओढतो. दारात उभं राहून त्यांनी डाव्या हाताने "जय भीम" केला. उजवा हात झब्ब्याच्या खिशात.

मी "या, बसा" म्हणता म्हणता लिंबू फेकलं. ते त्यांच्या चष्म्यावर आपटलं.

"मेश्राम, हे काय?"

"निसटलं हो हातातून."

"तुमच्या हातातून निसटलेलं लिंबू वर उडतं?" त्यांनी खुर्चीत टेकून चष्मा पुसला, डाव्या हाताने, गुडघ्यात धरून. "मला गळ टाकायचाय. एकट्याने. जमवून द्याल का? का नुसती लिंबं फेकता?"

माणूस पास झाला होता. मी माप घेतलं.

दोनच दिवसांत त्यांच्या मुलीचा फोन. मनीषा, गुडगावला राहते, ऑफिस कॅनॉट प्लेसजवळ. म्हणाली, "काका, भेटायचंय, पण पप्पांना कळू देऊ नका." मी लगेच सावध. कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या महाराष्ट्र सरकारच्या अतिथीगृहात भेटलो. आजूबाजूला परीक्षांची तयारी करणारी गावाकडची पोरं पोळी-भाजीवर तुटून पडलेली. मनीषाने माझ्यासाठी पिठलं, भाकरी, ठेचा, वर श्रीखंड मागवलं. मी अजूनच सावध झालो. श्रीखंड कुणी उगीच मागवत नाही.

"काका, त्यांना सांगा, एका हाताने मासेमारी होत नाही."

"होते."

"होते हो. पण तुम्ही सांगा होत नाही." तिने ताट बाजूला सारलं. "गेल्या थंडीत ते बाथरूममध्ये पडले. सकाळी मेड येईपर्यंत तिथेच होते. मला सांगितलंसुद्धा नाही. माझ्याकडे टॉवरमध्ये लिफ्ट आहे, चोवीस तास गार्ड आहे, त्यांच्यासाठी खोली तयार आहे. यायला तयार नाहीत. बिल्कुल नाही. म्हणाले, मला एकट्याला सगळं जमतं. मी म्हटलं, काय जमतं? बुटाची नाडी जमत नाही. तर चिडून म्हणाले, मासा पकडून दाखवतो."

मग मला पैज कळली. गळाला आमिष लावण्यापासून मासा सोडवून परत पाण्यात टाकेपर्यंत सगळं एकट्याने, कुणाचा हात न लागता. जमलं तर मनीषा पुन्हा गुडगावचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर गायकवाड त्याच संध्याकाळी तिच्या गाडीत बसणार आणि मयूर विहारच्या घराला कुलूप.

"आणि काका, साक्षीदार तुम्ही. तुम्ही खोटारडे लोक पकडायचात ना? पप्पा काहीही करतील. आधीच बाजारातून मासा आणून गळाला लावतील. माझा विश्वास नाही त्यांच्यावर."

"आणि माझ्यावर?"

"तुमच्यावर तर अजिबात नाही. म्हणून तर समोर बसवणार आहे."

मुलगी मला आवडली. श्रीखंड संपवून मी निघालो.

इथपर्यंत मी गायकवाडांच्या बाजूने होतो. मग ती जांभई आली.

दुपारची वेळ, आमची बाल्कनी. गायकवाड छातीवर डबी लावून मागे झुकायचा सराव करत होते. जेवण झालेलं, ऊन पाठीवर. त्यांनी मोठी जांभई दिली आणि त्यांचा उजवा हात, तो लुळा, लकव्याने गेलेला हात, खिशातून बाहेर आला. कोपरात वाकला. सावकाश छातीपर्यंत वर उठला, बोटं पसरली, कोर्टात शपथ घ्यावी तसा. जांभई संपली तसा खाली गेला. गायकवाडांनी तो डाव्या हाताने उचलून परत खिशात ठेवला आणि माझ्याकडे पाहून हसले.

त्या हसण्याने माझी झोप उडाली. लिंबाला न हललेला हात जांभईला उठतो? म्हणजे लिंबाची परीक्षा या माणसाला आधीपासून माहीत होती. कुणी सांगितली? शर्माजींनी? मग हा माणूस आहे कोण? माझ्या पट्ट्याची नक्कल करायला कुणी पाठवलेला? का घर न सोडण्यासाठी मुलीला, डॉक्टरांना, सगळ्या सोसायटीला बनवणारा बिलंदर? हात चांगला असताना लुळा दाखवायचा, मग एका हाताने मासा धरून दाखवायचा, म्हणजे मुलगी थक्क होणार. खिशातला हात वेळ आली की मदतीला आहेच. डाव हुशारीचा होता. मला त्याचं कौतुकही वाटलं.

मी उस्तादाचं बक्कल काढलं.

माझ्या पट्ट्यांना वेल्क्रोची चिकटपट्टी असते, एका बोटाने लागते. ती काढून मी बक्कल शिवलं. पण आधी स्वतःवर बघावं म्हणून मी आपला उजवा हात हिच्या ओढणीने कमरेला बांधला आणि तसाच पहाडगंजला चामडं आणायला गेलो. एक हात म्हणजे काय हे कळायला हवं ना माणसाला. मेट्रोच्या तपासणीत जवान म्हणाला, "दोनों हाथ ऊपर." मी एक केला.

"दूसरा?"

"बँधा है."

"टूटा है?"

"नहीं, ठीक है."

"ठीक है तो बाँधा क्यों?"

मी म्हटलं मछली पकड़ने के लिए. त्याने पिशवी उघडली. आत पट्टा, क्रोशाची सुई, गळ. मागची रांग वाढली. शेवटी त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझी मान ताठ झाली. ती माझी स्वतःची नजर होती, वर्कशॉपमधली. त्याने मला सोडलं, गळ ठेवून घेतले.

संध्याकाळभर मी एका हाताने ते बक्कल लावायचा प्रयत्न केला. दातांनी केला, गुडघ्याने केला. हिने टीव्ही बंद करून तो तमाशा पाहिला. लागलं नाही. म्हणजे लागत नाहीच, असं मी ठरवलं. एवढ्या वर्षांचा अनुभव आणि वर एका संध्याकाळचं प्रात्यक्षिक, आणखी काय पुरावा हवा?

दुसऱ्या दिवशी पट्टा गायकवाडांच्या घरी दिला. "घालून बघा, मी खालून दूध घेऊन येतो."

परत आलो. गायकवाड पट्टा घालून खिडकीशी उभे. बक्कल बंद.

मी दूध त्यांच्या फ्रीजमध्ये ठेवलं आणि थेट घरी आलो. ही भाजी निवडत होती. मी सगळं सांगितलं, जांभईसकट. ही सरकारी दवाखान्यात नर्स होती, लकव्याचे पेशंट तिने जन्मभर उचलले आहेत.

"अहो, जांभईला हात उठतोच."

"काय?"

"लकव्याच्या माणसाचा. जांभई आली की लुळा हात आपोआप वर जातो, कधीकधी. तो उचलत नाही, तो उठतो. नातेवाईक बघायचे आणि पेढे घेऊन यायचे. मग त्यांना सांगावं लागायचं की पेढे ठेवा, पण हात आला नाही." तिने देठ मोडला. "तुम्ही सगळं आयुष्य कापलेल्या हातांत काढलंत. असून नसलेला हात तुम्हाला काय माहीत?"

जांभईचा प्रश्न मिटला. बक्कलाचा उरला. मी म्हटलं, "मग बक्कल?"

"ते तुमचं तुम्ही बघा. आणि पैजेच्या दिवशी तरी साधा पट्टा द्या. त्याचं घर पणाला लागलंय."

मी चिकटपट्टीचा पट्टा खिशात घेतला. पण अंगावर चढवायला बक्कलाचाच दिला. माझा हिशेब सरळ होता. उघड्या मैदानावर, मुलीसमोर, तो दुसरा हात लपवेल कसा? खोटा असेल तर पकडला जाईल. खरा असेल तर बक्कल लागणार नाही, मग मी पटकन साधा पट्टा पुढे करीन.

नजफगडच्या पलीकडे एका चौधरींचं तळं आहे. मनीषाने गाडी चालवली. निघताना तिने वडिलांच्या घराची चावी मागून घेतली आणि पर्समध्ये टाकली. गायकवाड वाटभर बाहेर बघत होते. मी गायकवाडांकडे बघत होतो. मनीषा आरशातून आम्हा दोघांकडे बघत होती. तळ्यावर चौधरी आमच्या तिघांकडे बघत म्हणाले, "ताऊ, थम किसी महकमे तै तो ना आए?" लकव्याचा म्हातारा, फाइलसारखी पर्स घेतलेली बाई आणि एवढी लोखंडी सामग्री. त्यांना वाटलं कुठल्या तरी सरकारी खात्याची माणसं तळ्याच्या चौकशीला आलीत. त्यांनी खाट टाकली, पण चहा काही मागवला नाही.

मनीषाने मला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, काठापासून चांगलं लांब.

"काका, हात मांडीवर. दोन्ही. दिसतील असे."

"अगं पण पट्ट्याला जरा..."

"कुणाचाही हात लागला की संपलं. तुमचाही. वस्तू देणंसुद्धा नाही. जे त्यांच्या अंगावर आणि पिशवीत आहे त्यातच करायचं."

चिकटपट्टीचा पट्टा माझ्या खिशात होता आणि माझे हात मांडीवर. त्या क्षणी मला प्रथमच वाटलं, की गायकवाड खोटे असलेले बरे. खोटे असतील तर बक्कल लागेल आणि घर राहील. खरे असतील तर गळ पाण्यात पडायच्या आधीच घर जाईल, आणि ते घालवणार माझं बक्कल. ओरडून सांगावं तर ती म्हणणार, सामानच चालत नाही, चला पप्पा. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा कुणीतरी खोटं निघावं अशी मनापासून इच्छा केली.

गायकवाडांनी पट्टा अंगावर घेतलाच नाही. तो खाटेवर पसरला. बक्कल खाटेच्या पायाला टेकवलं आणि त्यावर डावा गुडघा दाबला. गुडघा आणि लाकूड यांच्यामध्ये जबडा उघडला. डाव्या हाताने पट्टा आत सरकवला. गुडघा काढला. खाडकन. मग बंद झालेला पट्टा हारासारखा डोक्यातून गळ्यात घातला आणि शेपूट ओढून आवळला. उजवा हात सगळा वेळ खिशात होता. मी डोळ्याची पापणीही लवू दिली नव्हती.

आधी पट्टा अंगावर, मग बक्कल. उस्ताद तसं करायचा, मी तसं करायचो, त्या संध्याकाळीही तसंच केलं. उलटं करता येतं हे आम्हा दोन हातवाल्यांना कधी सुचलंच नाही. या परीक्षेत मी किती खऱ्या लोकांना चहा पाजून परत पाठवलं असेल, हा विचार तेव्हा आला आणि अजून गेलेला नाही.

"मेश्राम," गायकवाड ओरडले, "हे बक्कल फार वाईट आहे हो! कुणी बनवलं?"

"बदलून देतो," मी म्हटलं. हात मांडीवर.

मग गळ पडला आणि वाट बघणं सुरू झालं. सूर्य वर आला. एक मासा लागला, चांगला दांडगा, आणि दोरी तोडून गेला. मनीषाने घड्याळ पाहिलं. गायकवाडांनी घोडी काढली, चिमट्यात नवा गळ धरला, सुईने दोरी ओढली. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. कणकेची गोळी मांडीवर वळून गळावर दाबली. पुन्हा गळ पाण्यात. दोरीला बांधलेलं बूच पाण्यावर स्थिर. चौधरींचा संशय थोडा ओसरला असावा, चहा आला.

चहा झाला, ऊन तापलं, आणि गायकवाडांना जांभई आली.

उजवा हात खिशातून बाहेर आला. वाकला. उठला.

मनीषाच्या हातून पेला पडला. "पप्पा! हात! पप्पा, तुमचा हात!" ती धावली आणि तिने तो हात दोन्ही हातांत धरला. रडायलाच लागली. मी उठलो, सांगणार होतो, पण सांगायचं काय आणि कसं?

गायकवाड तिच्याकडे बघत नव्हते. पाण्याकडे बघत होते. "मनू, सोड. तो माझा नाही गं, तो जांभईचा आहे. मी सांगितलेलं ऐकत नाही तो. सोड, बूच बुडालं!"

बूच खरंच गेलं होतं.

"छोरी नै हाथ लगाया!" चौधरी खाटेवरून उठून ओरडले. त्यांनाही आता पैजेत रस आला होता. "ताऊ, कैंसल!"

"कॅन्सल नाही!" मी ओरडलो. "उसने मरा हुआ हाथ पकड़ा है! मरा हुआ हाथ मदद नहीं करता!"

मनीषा हात सोडून दोन पावलं मागे झाली, डोळे पुशीत. गायकवाड मागे झुकले, पुढे वाकले, रीळ फिरवलं, मागे झुकले. ओढणारा पाय घसरला, त्यांनी तो तसाच चिखलात रोवला. बाप पडतोय असं वाटून मनीषा पुढे सरकली आणि आपलेच हात आपणच काखेत दाबून उभी राहिली. मासा जाळ्यावर आला. गायकवाड गुडघ्यावर बसले, जाळं ओढलं, मासा पाळण्यात ठेवला, फडकं टाकलं, गळ काढला. मग पाळणा पाण्याकडे तिरका केला. चमक दिसली आणि गेली.

मनीषाने येऊन गळ तपासला, दोरी तपासली, पाळण्याखाली वाकून पाहिलं. मग माझ्यापुढे उभी राहिली.

"काका, मी जवळ गेले होते, मला रडण्यात काही दिसलं नाही. तुम्ही साक्षीदार. मासा केवढा होता?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. दंडाएवढा. चौधरींच्या खाटेएवढा. तळ्याची पातळी खाली गेली एवढा. गायकवाड चिखलात बसून माझ्याकडे बघत होते.

"वीतभर," मी म्हटलं. "वीतही नसेल. बोटभर कमी."

मनीषा माझ्याकडे बघत राहिली. मग तिला हसू आलं. "तुम्ही एवढासा म्हणताय म्हणजे मासा होताच."

तिने पर्स उघडली, चावी काढली आणि लांबूनच म्हणाली, "पप्पा, पण बाथरूममध्ये कठडा लावायचा. आणि पडलात तर मला फोन करायचा, लपवायचं नाही."

"कठडा मेश्राम लावतील," गायकवाड म्हणाले. "चांगल्या बक्कलाचा."

तिने चावी फेकली. उन्हात ती चमकली आणि गायकवाडांनी डाव्या हाताने झेलली असं म्हणतात. मी पाहिलं नाही. मी उजव्या हाताकडे बघत होतो. तो हलला नाही. निदान मी बघत होतो तोवर तरी.